ढळलेला ध्रुव

देवाने एवढं अफाट आकाश मांडून ठेवलं, पण जळणाऱ्या माणसाला त्यात दिसतो तो फक्त दुसऱ्याच्या हातातला माईक. तारांगणातल्या थोरल्या जावेचं अगदी तसंच झालं होतं. घुमटाखालच्या अंधारात लोकांना तारे सांगायचं काम इतकी वर्षं तिचं. तिनेच शब्द टाकून धाकट्या जावेला इथे चिकटवलं, आणि साहेबांनी धाकटीचा गोड गळा ऐकून माईक तिलाच दिला. थोरलीची रवानगी झाली तारे फिरवणाऱ्या यंत्रामागे.

"जावा-जावा एका घुमटात? आकाश कोसळायचं हो!" तिकीटवाला म्हणायचा. धाकटी खळखळून हसे. थोरलीच्या पोटात दुखे.

त्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. धाकटीने प्रकाशाचा बाण वर रोखला. "सगळे तारे फिरतात, पण हा ध्रुव पाहा. हा कधी म्हणजे कधी ढळायचा नाही!"

"वा!" कुणीतरी म्हणालं. त्या 'वा'ने थोरली पेटली. हजारो वर्षं पुढे पळवायचं चाक तिने हळूच फिरवलं. आकाश कलंडलं आणि ध्रुव जागा सोडून निघाला.

"अहो बाई, तुमचा ध्रुव चालला की!"

हशा पिकला. धाकटीची बोबडी वळली. थोरलीला आत कसं गारगार वाटलं.

धाकटी अंधारात चाचपडत यंत्रापाशी आली. "ताई, याच्या पुढचं मला येत नाही. तुम्हीच सांगा ना."

थोरलीने माईक जवळजवळ हिसकावलाच. "ध्रुव ढळतो," ती म्हणाली. "पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, म्हणून हजारो वर्षांनी त्या जागी दुसरा तारा येतो. याच्या आधीही दुसराच होता. आपला मुक्कामच इतका थोडका, की आपल्याला हा थांबलेला वाटतो. अढळपद इथे कुणालाच नाही."

बोलून गेल्यावर शेवटचं वाक्य तिचं तिलाच लागलं.

"ताई, किती सुंदर सांगता हो!" धाकटी कुजबुजली. "मला का नाही शिकवलंत?"

मुद्दामच नव्हतं शिकवलं. थोरली मान खाली घालून म्हणाली, "धर हा माईक. लोकांना आजच्या आकाशात परत आणायला हवं. तुला चाक जमायचं नाही. मी कानात सांगते, तसं बोल."

धाकटी बोलू लागली. वाक्यं थोरलीची, गळा धाकटीचा. टाळ्या पडल्या. थोरलीचा जीव अजून जळतच होता. पण एकेक वाक्य ती पुरवत गेली आणि चाक सावकाश मागे आणत राहिली.