पंचविसावी जागा

कॉर्बिन स्टॅल्ज नावाचा मुलगा या जगात नाही, ही गोष्ट हार्लन स्टेट कॉलेजात फक्त एमरी विन्स्टेडला ठाऊक होती. त्याला जन्म एमरीनेच दिला होता.

शाळांमधून निवडलेल्या अमेरिकन फुटबॉलपटूंची दरवर्षीची नवी तुकडी किती कसाची आहे, हे आकड्यांवरून ठरवणे हे एमरीचे काम. ऑगस्टमध्ये नवे सूत्र तपासून पाहताना त्याने तक्त्यात एक खोटी ओळ भरली: उंची साडेसहा फूट, वजन तीनशे दहा पौंड, गाव पाइन हॉलो. पत्ता म्हणून स्वतःचीच टपालपेटी लिहिली. आणि ती ओळ पुसायची राहून गेली.

तक्ता मुख्य कोच डर्वुड पिकेट यांच्याकडे गेला. त्यांनी कॉर्बिनला शिष्यवृत्तीचे पत्र धाडले. हार्लन स्टेटने बोलावले म्हणजे पोरात दम असणार, असे मानून खेळाडूंना तारे वाटणाऱ्या संकेतस्थळांनी त्याला तीन तारे दिले. तीन तारे पाहून सात कॉलेजांनी पत्रे धाडली. सात पत्रे पाहून चौथा तारा उगवला. एमरीचे सूत्र तारे आणि पत्रे यांवरच उभे होते, म्हणून त्या सूत्रानेही निमूटपणे कॉर्बिनला यादीत पहिले बसवले. एमरी ती पत्रे घरी नेऊन एकेक उघडत असे. ‘तू आमच्या कुटुंबातला आहेस,’ असे प्रत्येकात लिहिलेले असे. त्याला स्वतःला असे कुणी कधी लिहिले नव्हते.

त्याने तोंड उघडलेच नसते. पण जागा पंचवीसच होत्या. शेवटची जागा लिंडेल मॅबरीला मिळायची होती. दोन ताऱ्यांचा हा मुलगा एमरीने त्याच्या प्रत्येक सामन्याची फीत पाहून शोधला होता. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजाने त्याला विचारले नव्हते. इथे जागा मिळाली नाही, तर सोमवारपासून तो कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला लागणार होता. आणि कोच ती जागा कॉर्बिनसाठी अडवून बसले होते.

मुले आपापले कॉलेज निवडून सही करतात, त्या सह्यांच्या दिवशी सकाळी एमरी कोचच्या खोलीत गेला.

“कोच, कॉर्बिन स्टॅल्ज खरा नाहीये. मी बनवलाय त्याला.”

“आपण सगळ्यांनी मिळून बनवलाय, बाळा. श्रेय एकट्याने घेऊ नकोस.”

“तसं नाही. असा मुलगाच नाही.”

“वेड लागलंय का तुला? अरे, त्याच्या आईने भट्टीत भाजलेला गोड पीकन पाय खाल्लाय मी! दोन वेळा वाढून घेतला.”

“आणि चाळीस यार्ड पाच सेकंदांच्या आत पळाला,” दारातून सहायक कोच हॉयट म्हणाले. “माझ्या घड्याळावर मोजलंय. जरा लाजाळू आहे पोरगा, एवढंच.”

एमरी दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिला. त्यांत खोटेपणाची रेघही नव्हती. क्षणभर त्याला वाटले, पाइन हॉलोत खरोखर एक स्वयंपाकघर असेल, आणि तिथे सगळे जाऊन आले असतील. राहिलो असू ते फक्त आपण.

जो नाही त्याला नाहीसे करता येत नाही. त्याला दुसरीकडे पाठवता येते. एमरी आपल्या टेबलाशी परतला. कॉर्बिनच्या नावाने त्याने फोनवर समाजमाध्यमाचे खाते उघडले आणि अशा दिवशी सगळी मुले लिहितात तेच लिहिले: ‘देवाची प्रार्थना करून आणि घरच्यांशी बोलून मी बोगार्ड टेकची निवड करत आहे.’

वीस मिनिटांत, पत्र धाडणाऱ्या त्या सात कॉलेजांपैकीच एक असलेल्या बोगार्ड टेकच्या कोचने पत्रकारांना सांगितले, की कॉर्बिनची सही हाती आली आहे आणि पोराचे अक्षर मोत्यासारखे आहे.

“गद्दार!” पिकेट ओरडले. “तो पीकन पाय खाताना मी तेव्हाच ओळखलं होतं. ती बाई नजर चोरत होती!”

“पाच वाजता यादी बंद होते, कोच,” एमरी म्हणाला. “जागा रिकामी आहे. लिंडेल मॅबरी.”

“दोन तारेवाला? अरे, कॉलेजांच्या क्रमवारीत दहाव्यावरून चौदाव्या नंबरावर घसरू आपण!”

“रिकामी ठेवली तरी चौदावाच येतो. मी हिशेब केलाय.”

कोचनी हात झटकला. “लाव फोन. माझ्यासमोरून जा आधी.”

लिंडेलने पहिल्याच घंटेला फोन उचलला. एमरीने स्पीकरवर त्याला बातमी सांगितली; पिकेटही मागोमाग येऊन उभे राहिले होते.

“सर,” तो म्हणाला, “एक सांगू का? मग हवं तर नाही म्हणा. सगळीकडे माझी उंची सहा फूट दोन इंच लिहिलीय. ती आमच्या शाळेच्या कोचनी लिहिलीय. मी सहाच फूट आहे.”

“सहा-दोनच लिही!” मागून पिकेट गरजले. “अजून एक नंबर खाली जायचंय का?”

एमरीने अर्ज पुढे ओढला, सहा लिहिले आणि इंचांच्या चौकटीत एक स्वच्छ, गोल शून्य काढले.

“लिंडेल,” तो म्हणाला, “आता वजन सांग. खरं.”