सेंटरची रिकामी जागा

इस्पितळातल्या दोनशे अकरा परिचारिकांच्या ड्यूट्या मी लावतो. कोण कुठल्या वॉर्डात, किती वाजता, कुणाच्या बदली कोण, सगळं माझ्या चौकटीच्या कागदावर असतं. एकोणीस वर्षांत एकही वॉर्ड रिकामा राहिलेला नाही. हे मी कुणी न विचारताच सांगतो, अशी ताईची तक्रार आहे.

त्यामुळे ताईनं मोबाइलवरच्या काल्पनिक बास्केटबॉलची टूम काढली तेव्हा मला वाटलं, हा तर आपल्या हातचा मळ. खरे खेळाडू खऱ्या मैदानावर खेळणार, आणि आपण घरी बसून त्यांतले आठ आपले म्हणून निवडायचे. त्यांनी मिळवलेले गुण आपले. घाम त्यांचा, फुशारकी आपली. संघात दोन गार्ड हवेत, म्हणजे चेंडू घेऊन येणारे. दोन फॉरवर्ड, म्हणजे आत घुसणारे. आणि एक सेंटर, म्हणजे बास्केटखाली पाय रोवून उभा राहणारा ताडमाड गडी. उरलेले तीन राखीव, ते कुठल्याही जागेचे चालतात. मात्र पाचांतली एक जागा जरी रिकामी राहिली, तरी संघ बाद.

ताईला बास्केटबॉलचं काडीचंही पडलेलं नव्हतं. तिला आम्हा दोघा भावांना एका जागी आणायचं होतं. धाकटा भाऊ माझ्याशी दोन वर्षं बोललेला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करतो तो. सहा फूट तीन इंच उंच, आणि घरात नाव बारक्या. शाळेच्या संघात सेंटर होता, म्हणून तर ताईनं हा खेळ शोधून काढला. तो आला, पण अट घालूनच. "खेळाडू निवडेन. दादाशी बोलणार नाही."

मला त्यानं निदान एकदा 'दादा' अशी हाक मारावी एवढंच हवं होतं. मग भांडला असता तरी चाललं असतं.

रविवारी दुपारी चौघं आपापल्या घरी मोबाइल घेऊन बसलो. आधी ताई, मग भावोजी, मग बारक्या, शेवटी मी. प्रत्येक निवडीला नव्वद सेकंद. बोलायचं असेल तर खाली गप्पांची पट्टी होती. मी जेवणाच्या टेबलावर कागद, पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली मांडल्या. बायकोनं डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "खेळ आहे की पंचनामा?"

माझी पद्धत साधी आहे. माणूस किती हुशार, हे नंतर. गेल्या वर्षी किती वेळा गैरहजर होता, ते आधी. त्या हिशोबानं मी पहिला गार्ड निवडला. पंच्याऐंशी सामन्यांत एकदाही दांडी नाही.

"अहो, तो खेळतो कसा ते तरी बघा!" भावोजींनी लिहिलं.

"वेळेवर येतो," मी लिहिलं.

सेंटर मात्र मी मुद्दामच मागे ठेवले. सगळेच्या सगळे सारखे रजेवर जाणारे. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर. ताईनं यादी चाळीस जणांचीच केली होती आणि तीत सेंटर सहाच, हे मला दिसत होतं. पण चौघांना चार पुरतात, दोन उरतात, अशी माझी खात्री. वॉर्ड भरताना माणसं जास्तीची उचलून ठेवावीत, असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही.

बारक्याच्या डोक्यात आलं. त्यानं पहिल्या फेरीत सेंटर घेतला. तिसऱ्या फेरीत दुसरा. पाचव्या फेरीत तिसरा, तेव्हा माझ्या हातातली पेन्सिल थांबली. ताईकडे एक, भावोजींकडे एक. उरला एकच: अडतीस वर्षांचा, गेल्या वर्षी एकतीस वेळा गैरहजर. मी असल्या माणसाला दारातसुद्धा उभं केलं नसतं. आणि तरीही हट्टानं मी आणखी तीन वक्तशीर गार्ड घेतले. चूक कळल्यावर ती लगेच सुधारणं मला अजून जमत नाही.

शेवटची फेरी आली. ताई आणि भावोजी मोकळे झाले. आता बारक्या, मग मी.

"बारक्या, तुझ्याकडे तीन आहेत रे. तो म्हातारा दादाला राहू दे," ताईनं लिहिलं.

पट्टीवर त्याची ओळ उमटली: "जागेवर माणूस नसला तर काय होतं, ते दादाला विचार."

त्याला कळलं होतं तर.

आई इस्पितळात होती तेव्हा आमच्याही ड्यूट्या मीच लावल्या होत्या. बारक्या सकाळी सहा ते दोन, मी दोन ते आठ, पुढे रात्री ताई आणि भावोजी. एका संध्याकाळी पाच वाजता बारक्या पुन्हा आला, कामाच्या कपड्यांत, हाताला ग्रीस. "मी बसतो जरा," म्हणाला. मी त्याला चार्ट दाखवला. "तुझी ड्यूटी झाली. घरी जा, झोप. उद्या सहाला ये." तो गेला. सव्वासहाला आई गेली.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं, की तेव्हा मी तळमजल्यावर पुढच्या आठवड्याच्या चार्टच्या झेरॉक्स काढत होतो. चौघांना चार प्रती. वर आलो तेव्हा कागद अजून गरम होते. "शांतपणे गेली," असं मी सगळ्यांना सांगितलं. मला काय माहीत कशी गेली ते!

मी पेन्सिल खाली ठेवली आणि लिहायला घेतलं. "बारक्या, तुला कळलंय ते खरं आहे. मी तिच्याजवळ नव्हतो. खाली चार्टच्या झेरॉक्स काढत होतो. ड्यूटी माझी होती आणि मी जागेवर नव्हतो. तुला घरी पाठवायला नको होतं. चुकलं माझं."

पाठवलं. बारक्याचे नव्वद सेकंद संपले आणि ॲपनं त्याच्या नावावर आपोआप कुठलासा फॉरवर्ड टाकला. म्हातारा सेंटर तसाच राहिला. माझे सेकंद सुरू झाले आणि फोन वाजला.

"कसल्या झेरॉक्स?" बारक्याचा आवाज.

त्याला काहीच कळलेलं नव्हतं. तो आपला माझ्या चार्टवरून टोमणा मारत होता. आणि मी शहाण्यासारखा स्वतःच्या हातानं सगळं लिहून बसलो होतो, सगळ्यांना वाचता येईल असं.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी तोंडानं.

"म्हणजे आई एकटीच होती?"

"हो."

"मी धरून चाललो होतो, तू हात धरून बसला होतास."

"नाही रे."

आता तो फोन ठेवेल, असं मी धरून चाललो.

"दोन वर्षं मी तुझा हेवा करत होतो, दादा," तो म्हणाला.

मला रडू आलं. टेबलावर कोपर टेकून मी रडलो, आणि पलीकडे तोही रडत होता, हे लपवायचा त्यानं प्रयत्नसुद्धा केला नाही. मोबाइलवर माझे सेकंद केव्हा संपले ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ताईनं सांगितलं, की माझी एकच जागा रिकामी दिसली म्हणून ॲपनं त्या म्हाताऱ्या सेंटरला आपणच तिथे उभं केलं.