बाहेरचं चालत नाही

“आपल्या वस्तूवर शेवटचा शब्द आपलाच असतो,” असं ठणकावून शीलाताईंनी तिसऱ्यांदा ‘इन्स्टॉल’वर बोट दाबलं. फोनने तिसऱ्यांदा नकार दिला. कारणही तेच दिलं: हे ॲप बनवणारा अनोळखी आहे.

“अनोळखी काय, अनोळखी? एकतीस वर्षं शेजारच्या टेबलावर बसत होते साबळे.”

“फोनला काय माहीत ते!” डबा भरता भरता संचिता म्हणाली. “मावशी, हा फोन फक्त स्वतःच्या दुकानातलंच घेतो. बाहेरचं चालत नाही त्याला.”

“म्हणजे सोवळ्यातला आहे.”

“सेफ्टीसाठी असतं गं ते.”

“कोणाच्या?”

संचिताने डब्याचं झाकण जरा जास्तच जोराने लावलं. फोन तिचाच होता, म्हणजे परवापर्यंत. मावशीचा जुना फोन कपड्यांच्या बादलीत पडला, तेव्हा भाचीने स्वतःसाठी नवा घेतला आणि हा महागातला मावशीला दिला. डोंबिवलीच्या त्या सोसायटीत एवढा भारी फोन असलेली दुसरी निवृत्त टंकलेखिका नव्हती. अडचण एवढीच, की काल संध्याकाळी त्यावर जगन साबळ्यांचा निरोप आला होता आणि तो वाचता येत नव्हता.

साबळ्यांनी निवृत्तीनंतर आंबिवलीला बसून एक ॲप बनवलं होतं. टाइपरायटरवर ज्यांची हयात गेली, त्यांना मोबाईलवरही त्याच जागी तीच अक्षरं सापडावीत म्हणून. त्यातून लिहिलेलं मराठी फक्त त्या ॲपमध्येच मराठी दिसे. इतर फोनवर इंग्रजी अक्षरांची गिचमिड उमटे. ही ठाण्याच्या कचेरीतल्या जुन्या फॉन्टची खोड होती आणि साबळ्यांनी ती निष्ठेने जपली होती. त्यांनी ॲप दुकानात ठेवण्यासाठी अर्जही केला होता. याचा उपयोग फारच थोड्या लोकांना आहे, असं दुकानाने कळवलं. साबळ्यांनी त्या थोड्या लोकांची नावं, हुद्दे आणि निवृत्तीच्या तारखा लिहून पाठवल्या. पुढे उत्तर आलं नाही.

“त्यांनाच फोन करून विचार ना, काय लिहिलंय ते.”

“असं कसं विचारायचं?”

“म्हणजे?”

“चार वर्षांनी माणूस काहीतरी लिहितो, आणि आपण विचारायचं, अहो, काय लिहिलंत?”

संचिताने मावशीकडे नीट पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

“आणतेस की नाही कधी त्यांना घरी? मी बघितलंच नाहीये.”

“एकदा आलेले. तुझ्या जन्माआधी. कचेरीचा कागद द्यायला.” शीलाताईंनी टेबलावरचा न सांडलेला चहा पुसला. “तुझ्या आजोबांनी आडनाव विचारलं. मग चहा बाहेर पायरीवरच दिला.”

“आणि तू?”

“मीच नेऊन दिला.”

संचिताने डबा पिशवीत टाकला. चपला घालून दारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, “येताना स्टेशनजवळच्या दुकानात विचारते, कुणाकडे बाहेरचं घेणारा साधा फोन आहे का.” आणि ठाण्याला निघून गेली.

घर रिकामं झाल्यावर शीलाताईंनी निरोप पुन्हा उघडला. vki.k g;kr आणि पुढे तसलंच आणखी. मांजर टाइपरायटरवरून चालत गेल्यासारखं. त्यांनी चष्मा पुसून पाहिला, फोन आडवा धरून पाहिला. मग कंटाळून तो पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि हात टेबलावर टाकले.

डावी तर्जनी आपोआप हलली.

कचेरीत संगणक आले, तेव्हा कळांवर इंग्रजी होतं आणि बोटांत मराठी. कळांकडे बघायचंच नाही, असं साबळ्यांनीच शिकवलं होतं. समोरच्या अक्षरांकडे बघत शीलाताईंनी टेबलावरच्या मेणकापडावर बोटं चालवली, कळा असत्या तिथे तिथे. अ. काना. प. अर्धा ण, आणि तो पुरा करायला काना.

आपण.

त्या थांबल्या. फोन पालथा घातला.

कचेरीच्या कागदात ‘आपण’ म्हणजे समोरचा माणूस. आपण अमुक तारखेस हजर राहावे. असे ‘आपण’ त्यांनी हजारांनी टंकले होते. पण जेवणाच्या सुट्टीत साबळे म्हणत, “बाई, आपण जरा तलावपाळीला फिरून येऊ,” तेव्हा त्यात दोन माणसं असत. दोन्हीला कळा त्याच लागतात.

त्यांनी कोथिंबीर निवडली. मग, गरज नसताना, मेथीही निवडली. केस विंचरले. दुपारचं जेवण वाढून घेतलं आणि पहिल्या घासाआधीच फोन सुलटा केला.

ह. य. काना. त.

आपण हयात.

भात निवून गेला. बराच वेळ त्या दोन शब्दांच्या पुढे त्या गेल्या नाहीत. खाली भाजीवाला ओरडून गेला, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं पदराला पुसली आणि चांगल्या वेगात, एकही चूक न करता, उरलेला निरोप मेणकापडावर टंकून काढला.

आपण हयात असल्याचा दाखला तीस नोव्हेंबरपूर्वी कार्यालयात सादर करावा. टंकशाखेच्या सर्व निवृत्तांनी नोंद घ्यावी.

शीलाताईंनी ताट बाजूला सारलं. फोन हातात घेऊन त्याच्या इंग्रजी कळफलकावर, कुणाचीही परवानगी न मागता, हळूहळू लिहिलं: g;kr vkgs. फोनने दोनदा दुसरे शब्द सुचवले. त्यांनी दोन्ही नाकारले आणि ‘हयात आहे’ एवढंच आंबिवलीला धाडलं.

निरोप पोचल्याच्या दोन खुणा उमटल्या.

दाखला त्या मागच्याच सोमवारी ठाण्याला जाऊन देऊन आल्या होत्या.