दोन डाव्या बाह्या

आमच्या गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानात खडू नावाचा कारागीर होता. खडू हे अर्थातच टोपणनाव. मापं घ्यावीत, कापडावर रेघा माराव्यात, झटकून पुन्हा माराव्यात, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कात्री चालवायची वेळ आली की मात्र त्याला हमखास तहान लागे. तो पाणी पिऊन येईपर्यंत मास्तरांनी कापड कापलेलं असे. खडूची रेघ पुसता येते, कात्रीची येत नाही, हे त्याचं तत्त्वज्ञान. त्यावर त्याचे केस पिकत आले होते.

मग मास्तरांचा हात थरथरू लागला.

"आता तू काप. नाहीतर मी पुतण्याला बोलावतो. मग बस त्याच्या हाताखाली काज-बटणं करत."

"पण मास्तर, गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं तर?"

"म्हणूनच घरचं घे. तुझ्या सासऱ्यांच्या कोटाचं कापड आलंय."

कात्रीखालोखाल खडूला भीती होती ती सासऱ्यांचीच. निवृत्त फौजदार, जावयाकडेही संशयितासारखं बघत.

दुसऱ्या दिवशी खडूने पोटभर पाणी पिऊन कात्री उचलली. पाठ कापली, पुढचे भाग कापले. जमलं की! राहिल्या बाह्या. त्या कापड दुहेरी घालून एकदम कापतात. खडूने विचार केला, दुहेरी कापलं तर चूकही दुहेरी होईल. तेव्हा सावधगिरी म्हणून त्याने एकच बाही कापली, डोळे भरून पाहिली आणि तीच कापडावर ठेवून हुबेहूब दुसरी कापली.

हुबेहूब म्हणजे हुबेहूब. दोन्ही डाव्या.

कापडाला सुलट-उलट बाजू होती, त्यामुळे पालथी करूनही भागेना. उरल्या होत्या त्या नुसत्या चिंध्या.

मास्तरांनी बाह्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. "एवढी सारखी कापणी मला जन्मात जमली नाही."

"पुतण्याला बोलावताय ना?"

"निरोप कधीच धाडलाय. ते नंतर बघू. सासरे ट्रायलला येतायत, त्यांना तू सांगायचंस. मला तहान लागलीय."

सासरे आले. खडूने कात्री हातातच ठेवली. खाली ठेवली असती तर पुन्हा उचलवली नसती.

"बाबा, दोन्ही बाह्या डाव्या कापल्यात मी. कोट काही होत नाही आता. पण बिनबाह्यांचं जाकीट होईल, आणि तेही मीच कापीन."

फौजदारी नजर बाह्यांवरून जावयावर आली, तिथून दाराकडे गेली. मग सासऱ्यांनी आवाज खाली आणला.

"कोट हवा होता कोणाला? मला उकडतं हो. कापड तुमच्या सासूबाईंनी आणलं. नको म्हणायची माझी छाती झाली नाही."

खडूने पाणी न पिता कात्रीने जाकिटाचा गळा खोल केला, बाह्यांच्या जागचे मुंढे मोकळे केले. मास्तर पुतण्याला फोन करून म्हणाले, "येऊ नकोस."

सासऱ्यांनी अर्धंकच्चं जाकीट अंगावर धरून आरशात पाहिलं. "झकास. पण हे हिला सांगायचं कोणी?"

खडूने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पाण्याचा ग्लास शोधत होते.

"तुम्हीच सांगा, जावईबापू," सासरे म्हणाले. "तुमची भीती आत्ताच गेलीय. माझी अजून बरीच शिल्लक आहे."

खडूने चप्पल घातली आणि कात्री पिशवीत टाकली.

"अरे, ती कशाला?" मास्तर म्हणाले.

"असू दे. जवळ असली की तोंड उघडतं."