तट्टाचा लगाम

स्कॉटलंडमधील आमच्या डोंगरावर हरणे इतकी वाढली होती की, एकही रोपटे झाड होऊ शकत नव्हते. म्हणून दर हिवाळ्यात ठरावीक हरिणी माराव्या लागत. यंदा डोंगराच्या मालकिणीच्या आग्रहास्तव हे काम शिकण्यासाठी इशबेल नावाची तरुणी आली. परंतु वृद्ध शिकारी मर्डोने तिच्या हाती बंदूक न देता मारलेली हरणे वाहून आणणाऱ्या तट्टाचा लगाम दिला. "बायकांचं शिक्षण तट्टापासून सुरू होतं नि तिथंच संपतं," असे तो गड्यांदेखत हसून म्हणे.

त्या सकाळी त्याने एक हरिणी टिपली. तिचे पाडस मात्र पळाले नाही, आईपाशीच उभे राहिले. आईमागोमाग पाडसालाही मारावे, अन्यथा ते बर्फात भुकेने तडफडून मरते, हा आमच्या डोंगराचा नियम. मर्डोने नेम धरला. परंतु त्याला चाप ओढवेना; त्याने बंदूक खाली केली.

"पोरी, तुला जमेल का गं?" त्याने खालमानेने विचारले.

"नेमबाजीत पहिली आले होते मी. तुम्ही विचारलंतच कुठे?"

एकाच गोळीत पाडस शांत झाले. पहिल्या शिकारीचे रक्त नवशिक्याच्या कपाळी लावण्याची आमची रीत. मर्डोने रक्ताचे बोट पुढे केले.

"राहू द्या," इशबेल म्हणाली. "तट्टू धरा तेवढं. हरणं मी बांधते."

खाली अंगणात गडी खिदळले, "काय मर्डो, आज लगाम तुमच्याकडे?"

मर्डोची मान वर होईना.

"पाडस हिनं टिपलं," तो म्हणाला. "माझ्यानं झालं नाही."