मुकादमाचा चौथा चौकोन

गुणाजी पेडणेकरांनी चौतीस वर्षं एका सायंदैनिकात बोका काढला. एका उभ्या कॉलमात, एकाखाली एक, रोज चार चौकोन. बोक्याचं नाव मुकादम, कारण तो स्वतः काही करत नसे आणि दुसरे काय करतात यावर लक्ष ठेवी. त्याचा जन्म एका पायपोसाच्या जाहिरातीमुळे झाला. ती यायची होती, आली नाही. उपसंपादक म्हणाले, "पेडणेकर, आजच्यापुरतं काहीतरी काढा." पुढे गिरण्यांचा संप झाला, तेव्हा बिनकामाचं पडून राहण्याचा अनुभव सगळ्या लालबागेत एकट्या मुकादमाला होता. लोक त्याच्याकडे आदराने पाहू लागले. गिरण्या गेल्या, टॉवर आले, मुकादम लोळत राहिला. शेवटी पेपरच बंद पडला. मूळ चित्रं कचेरीत होती, ती कचेरीबरोबर गेली.

यंदा चाळीच्या मंडळाची अध्यक्ष दर्शना हिने ठरवलं, गणपतीपुढचा देखावा मुकादमाच्या इतिहासाचा करायचा. गुणाजी "कशाला उगाच" म्हणाले आणि त्याच दुपारी दाढी-कटिंग करून आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्या बोक्याची कोणी आठवण काढतंय, यापुढे काढेल असं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मीटिंगमध्ये दगडू परब उठले. दगडू म्हणजे मंडळाचे कायमचे सल्लागार. सल्ला एकच असायचा: नको.

"बाप्पाचं वाहन काय?" त्यांनी विचारलं.

"उंदीर," दर्शना म्हणाली.

"आणि समोर बोका बसवणार? अकरा दिवस?"

"काका, कार्टून आहे ते."

"उंदीर तरी कुठे खरा आहे? शाडूचाच आहे. म्हणून काय त्याला भीती वाटू नये?"

तेव्हा गुणाजींनी जन्मातली मोठी चूक केली. ते म्हणाले, "मुकादमाने चौतीस वर्षांत एक उंदीर मारलेला नाही. आळसामुळे."

"पुरावा दाखव," दगडू म्हणाले.

पुरावा चाळीतच होता. इथे स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर जुने पेपर अंथरायची पद्धत. खालचा काढायचा नाही, वर नवा घालायचा. दर्शनाने फर्मान काढलं आणि दोन रविवार अख्खी चाळ डबे उचलत होती. डाळीच्या डब्याखाली पंधरा वर्षांपूर्वीचा मुकादम, त्याखाली तेलाचे डाग पडलेला वीस वर्षांपूर्वीचा, तळाशी संपातला. गॅलरीत मोठ्याने वाचन चाललं होतं, माणसं डोळे पुसत हसत होती.

गुणाजींना हसू येत नव्हतं. एकदा, फक्त एकदा, अंगात ताप असताना आणि कचेरीचा शिपाई दारात उभा असताना, त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. मुकादमाने उंदीर खाल्ला होता.

ते घरोघर फिरू लागले. "द्या वहिनी, मी उचलतो डबे."

त्यांची बायको शांताबाई दारातून बघत होती. "पन्नास वर्षांत आपल्या घरातला मिठाचा डबा नाही हलवला तुम्ही. आता काय, समाजसेवा?"

"देवाचं काम आहे," गुणाजी म्हणाले.

एकाच घरात त्यांना कोणी येऊ दिलं नाही. आणि नेमकं तिथेच, दगडूंच्या आमसुलांच्या बरणीखाली, ते पान निघालं.

दगडूंनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडवात आणलं. पहिल्या चौकोनात उंदीर. दुसऱ्यात मुकादमाने एक डोळा उघडला. तिसऱ्यात मुकादमाच्या तोंडातून शेपटी लोंबत होती. चौथा नव्हता. फळीखाली लोंबणारी कागदाची कड बायका कात्रीने त्रिकोणी कातरत. दगडूंच्या बायकोच्या त्या नक्षीत चौथा चौकोन गेला होता.

"काका, चौथ्यात सोडला असेल ना त्याला?" दर्शनाने आशेने विचारलं.

गुणाजींनी तोंड उघडलं. सोडला म्हटलं असतं तर इतिहास तिथेच स्वच्छ झाला असता, देखावा पक्का झाला असता.

"बाप्पाच्या मांडवात उभा आहेस," दगडू म्हणाले. "सांग."

"खाल्ला," गुणाजी म्हणाले. "चौथ्यात ढेकर दिली."

दगडूंनी पिशवीवरची सुरकुती बोटाने सरळ केली. "संपाचं दुसरं वर्ष होतं. घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ही ढेकर बघून आमची ही हसली होती. म्हणून तर फळीवर घातला तिने." मग ते पुन्हा सल्लागार झाले. "पण गुन्हा तो गुन्हा. प्रायश्चित्त घ्यायला लागेल."

"मी?"

"तू कशाला, मेल्या? बोका. अकरा दिवस उंदराची राखण करायची. रोज एक नवीन चित्र, मांडवाच्या दारात. इतिहास आत लावा हवा तर."

"नवीन?" गुणाजींनी विचारलं. बारा वर्षांत त्यांना कोणी नवीन मागितलं नव्हतं. "हात कापतो रे माझा."

"मग बोकाही जरा कापू दे. पश्चात्ताप दिसेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी गॅलरीत पाट मांडून बसले. कागदावर उंदीर विचारत होता, "काय बघतोस?" मुकादम म्हणत होता, "ड्युटी."

दगडू चष्मा वर करून मागे उभे होते. "उंदीर बोक्यापासून अजून दोन इंच लांब घे."

चौतीस वर्षांत गुणाजींनी संपादकालाही मुकादमाची मिशी हलवू दिली नव्हती. त्यांनी खोडरबर उचललं आणि उंदीर दोन इंच लांब घेतला.