पनवती बाहेर, बिल्ड हिरवा

दर शुक्रवारी दुपारी तीनला आमच्या ऑफिसातली बावीस शिकली-सवरलेली माणसं एका कीबोर्डाभोवती हात जोडून उभी राहायची. कीबोर्ड बिल्डबाबांचा, म्हणजे आमच्यातल्याच एका सीनियर प्रोग्रामरचा. रुग्णाला थेंबाथेंबानं औषध देणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम आम्ही लिहितो. त्याचे शेकडो तुकडे जोडायचे आणि तपासायचे, याला म्हणतात बिल्ड. आमच्या हातून तो लाल व्हायचा, म्हणजे फसायचा. बाबांच्या हातून हिरवागार!

"लहरी शांत ठेवा," बाबा डोळे मिटून सांगायचे. "मोबाइल बंद. आणि टेस्टिंगवाल्या ताई, तुम्ही तेवढ्या बाहेर."

ताईंच्या सावलीनं बिल्ड फसतो, हा शोध बाबांचाच. चाचण्या लिहायच्या ताईंनी, चुका सापडायच्या त्यांना, म्हणून पनवतीही त्याच! सहा महिने त्या दर शुक्रवारी जिन्यात उभ्या राहिल्या. दार मी लावून घ्यायचो. आजही त्याची लाज वाटते.

त्या शुक्रवारी साहेबांनी ताईंना कामावरून काढायचं पत्रच तयार ठेवलं होतं. बाबांनी आपली रुंद पाठ आडवी करून काहीतरी टाइप केलं. ओळी भराभर सरकल्या आणि हिरवा! टाळ्या पडल्या.

तेवढ्यात ताई दार ढकलून आत आल्या. "बाबा, सरका जरा."

"बाई, कोप होईल!"

"होऊ दे. नाहीतरी पत्र तयारच आहे."

त्यांनी वरच्या बाणाची कळ दाबली. बाबांनी दिलेली शेवटची आज्ञा पडद्यावर जशीच्या तशी परत आली: बिल्ड कर. आणि तिच्या शेपटाला एक छोटासा ऑप्शन: चाचण्या वगळ.

"म्हणजे परीक्षा न घेताच पास!" मी ओरडलो.

"थांबा, माझीही परीक्षा होऊ दे," ताई म्हणाल्या. "ऑप्शन ठेवून चालवा. मी इथंच बसते."

हिरवा.

"आता ऑप्शन काढा. मी जिन्यात जाते."

त्या गेल्या. बाबांनी घाम पुसत एंटर दाबलं. लालभडक!

"ग्रहमान..." बाबा पुटपुटले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळे ती लाल ओळ वाचत होते: लहान मुलांचा डोस दहापट जातोय. ताईंनी ही चूक तीन आठवड्यांपूर्वीच पकडली होती. आम्ही त्यांनाच बाहेर काढत राहिलो.

साहेबांनी पत्र फाडलं. दार उघडायला मी गेलो.

चमत्कार दिसला की हात जोडू नका. आधी विचारा, तपासायचं काय वगळलं? आणि बाहेर कुणाला काढलंय, ते बघा. त्या माणसाला आत बोलवा.